चेहरा जुळत नाही

४ फेब्रुवारी

फोटो लॅबवाल्याने दिलेली ही डायरी महिनाभर काउंटरवर पडून होती. आज उघडली, कारण आज लिहिण्यासारखं काही घडलं आणि ऐकायला घरात कुणी मोकळं नाही. धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे बायकोची बहीण. पन्नाशी उलटली, परदेशात गणित शिकवते, लग्न केलं नाही, तरी आमच्याकडे ती धाकटीच. तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टरांनी निम्मी-निम्मी आशा सांगितली आहे. ती असल्या गोष्टी बेरीज-वजाबाकीसारख्या सांगते, आवाज जराही न हलवता.

आमच्या हिने फोन ठेवला आणि स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढली. "तिच्याजवळ आपलं माणूस कुणी नाही," एवढंच म्हणाली. व्हिसा दोघांचे आहेत. मागच्या वर्षी जायचं ठरलं होतं, ते राहिलं.

तिकिटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, आता नवीन भानगड आहे. निघायच्या आधी घरूनच फोनवर चेहरा नोंदवायचा. पासपोर्टात चिप असते, तिच्यात आपला फोटो. फोन तो फोटो वाचतो, मग आपला आत्ताचा चेहरा बघतो. दोन्ही जुळले तर परवानगी, नाहीतर विमानात पाऊल ठेवू देत नाहीत. पूर्वी म्हणे तिकडे उतरल्यावर एक साहेब काचेमागून बघायचा.

मला हसू आलं. उभं आयुष्य लोकांचे चेहरे काढण्यात गेलं माझं. फोनने स्टुडिओचा गळा घोटला, लग्नं गेली, वाढदिवस गेले, राहिले ते पासपोर्टचे फोटो. आणि चेहऱ्याच्या बाबतीत हा फोन मला शिकवणार!

७ फेब्रुवारी

माझं काम पहिल्या फटक्यात झालं. पासपोर्ट फोनला टेकवला, तोंड दाखवलं, हिरवी खूण. माझ्या फोटोवर मी कधी हात फिरवला नव्हता. पुरुषाच्या थोबाडाचं काय एवढं!

हिचं मात्र होईना. ‘चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ खिडकीचा उजेड एका बाजूने येत होता, म्हणून पडदा ओढला. मग स्टुडिओत नेलं, पाठीमागे पांढरा कपडा लावला, दोन्ही दिवे सोडले. इतका नेटका उजेड त्या फोनने जन्मात पाहिला नसेल. तरी तेच वाक्य.

"तुमच्या त्या यंत्राला सांगा, मीच आहे म्हणून," ही म्हणाली.

"ते ऐकत नाही कुणाचं."

"मग जमेल त्याचं आणि तुमचं," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

८ फेब्रुवारी

पुन्हा तेच. चष्मा काढून, केस मागे घेऊन, खाली बसून, उभं राहून. हिची मान दुखायला लागली.

कारण मला समजलं आहे, लिहून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी ही एका सकाळी चूळ भरायला गेली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, बहुतेक येईल परत. आली, पण बारा आणे. ओठाचा डावा कोपरा खाली राहिला, डावा डोळा पुरता मिटत नाही आणि पुरता उघडतही नाही. रोज बघणाऱ्याला सवय होते. मला झाली.

त्यानंतर पासपोर्टचं नूतनीकरण आलं. फोटो मीच काढला. आता नवऱ्याचा स्टुडिओ असताना बायकोने तसल्या तोंडाने जगात हिंडायचं का? मी डावी बाजू काढून टाकली. उजवी उलटी करून तिथे बसवली, भांग जुळवला, कपाळावरचा उजेड सारखा केला. इतकं सफाईदार काम झालं की कार्यालयातल्या माणसालाही काही कळलं नाही. हिला दाखवला तर बराच वेळ हातात धरून बसली आणि काही बोलली नाही. हिचं न बोलणं म्हणजे पसंती, असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून धरून चाललोय.

यात माझं चुकलं असं मला वाटत नाही. हे यंत्र तेव्हा कुठे होतं?

१० फेब्रुवारी

त्या चेहरा-नोंदणीवाल्यांच्या मदत केंद्राला फोन केला. आधी गाणं वाजलं, मग एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज, मग पुन्हा गाणं. शेवटी एक जिवंत मुलगा आला. मी म्हटलं, माणूस तीच आहे, मी नवरा आहे, मी सांगतो. तो म्हणाला, "सर, तुमचं सांगणं सिस्टिममध्ये टाकता येत नाही." वर सुचवलं की चेहऱ्यात बदल झाला असेल तर नवीन फोटोचा नवीन पासपोर्ट काढा. त्याला तीन-चार आठवडे, मग त्यावर पुन्हा व्हिसा. तोवर धाकटीचं ऑपरेशन होऊन जाईल.

मला आता एकच मार्ग दिसतो. फोटो चेहऱ्यासारखा होत नसेल, तर चेहरा फोटोसारखा करायचा. जुळल्याशी कारण. हे सुचलं आणि मला एकदम हलकं वाटलं.

१२ फेब्रुवारी

सरावाला सुरुवात. पासपोर्टातला फोटो मोठा करून छापला आणि आरशाशेजारी लावला. ही स्टुलावर, मी मागे.

"डावा कोपरा वर घे. अजून. अजून थोडा. आता उजवा खाली सोड, म्हणजे सारखे होतील."

"उजवा चांगला आहे ना? त्याला कशाला खाली ओढताय?"

"डोळा उघड. अगं, तो नाही, दुसरा."

"दुसरा उघडाच आहे."

चांगला अर्धा तास घेतला. शेवटी शेवटी कोपरा आपसूक वर राहायला लागला होता, पण फोन समोर धरला की घसरतो. मी म्हटलं, फोटो काढताना माणसं घाबरतात, मी आयुष्यभर तेच पाहिलंय. ती म्हणाली, "तोंड माझं, सरहद्द त्यांची. तुम्ही मधे कुठून आलात?" चेष्टेत म्हणाली असावी, कारण लगेच पुन्हा आरशात बघून बसली. बहिणीसाठी करतेय, हे मला दिसतं.

१४ फेब्रुवारी

पारदर्शक चिकटपट्टीचा शोध लागला. गालाची कातडी कानामागे ओढून पट्टी लावायची आणि वरून केस सोडायचे. पापणीलाही बारीकसा तुकडा. नटनट्यांना करतात म्हणे. लांबून बघितलं तर फोटोतलीच बाई. मला तर क्षणभर आमची तरुणपणची आठवण झाली आणि मी तिला तसं म्हटलंही.

"बरं झालं," ती म्हणाली. ओठ हलवता येत नव्हते, त्यामुळे ते ‘बलं झालं’ असं काहीतरी ऐकू आलं. मी हसलो. ती हसली नाही, पण पट्टी होती, हसणार कशी?

यंत्राचं उत्तर तेच.

१६ फेब्रुवारी

आज दुकानात तमाशा. कोपऱ्यावरचा कापडवाला मुलाला घेऊन आला. मुलाला नोकरीसाठी जायचंय, त्याचाही चेहरा जुळत नाही. पासपोर्टचा फोटो माझ्याकडचा. मला आठवलं, पोराचे कान फार बाहेर होते. मी ते डोक्याला टेकवून दिले होते.

"तुम्हीच म्हणालात ना, कान मागे घेऊ?" कापडवाला ओरडला.

"फोटोतले म्हणालो होतो. आता ह्याचे खरे आहेत तिथेच आहेत, त्याला मी काय करू?"

"काय करू? माझ्या पोराची नोकरी जाईल!"

काउंटरसमोर माणसं जमली. कुणी म्हणालं, माझ्या आईचा तीळ गेलाय. कुणी म्हणालं, आमच्या हिला गोरी केलीत. गोरी करा म्हणून माझ्या जिवावर उठले होते हेच लोक! वर्षानुवर्षं गोरं करून घ्यायचं, नाक सरळ करून घ्यायचं, दोन-दोन प्रती जादा न्यायच्या, आणि आता मी चोर. एकाने मूळ फोटो पाहिला असता तर माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नसता.

आवाज ऐकून ही आतून आली. गालावर पट्टी तशीच. तिने कापडवाल्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊ, रांगेत उभे राहा. तुमच्या आधी माझा नंबर आहे." कापडवाला पाणी प्याला नाही, त्याने ग्लास काउंटरवर ठेवला आणि मुलाला घेऊन गेला.

मी तिला म्हटलं, अशी बाहेर येत जाऊ नकोस, लोक बघतात. ती काउंटरवरचा ग्लास उचलून आत गेली.

१९ फेब्रुवारी

धाकटीचा व्हिडिओ फोन. आमची जागा ठरलेली आहे. मी ती तीन वर्षांपूर्वीच ठरवून दिली. हिने खिडकीजवळच्या खुर्चीत उजवी बाजू पुढे करून बसायचं, फोन पुस्तकांच्या थप्पीवर. बाहेरचा उजेड नाकावर येतो आणि डावीकडचं काही दिसत नाही. धाकटीला दुखण्याचं तेव्हा सांगितलं होतं, पण ‘थोडंसं होतं, बरं झालं’ इतपतच. उगाच परक्या देशात तिला काळजी कशाला? फोटो पाठवायचो तेही नीट करूनच.

"ताई, तू नेहमी खिडकीकडे का बघतेस गं?" धाकटीने आज विचारलं. "कोण उभं असतं तिकडे?"

ही हसली. "कुणी नाही. सवय झालीय."

"येतेयस ना?"

"आलेच."

"भाऊजींना नाही आणलंस तरी चालेल. ते आले की पेशंटलासुद्धा हनुवटी वर करायला लावतील."

मेव्हणीचं आणि माझं पहिल्यापासून पटलं नाही. आमच्या लग्नाच्या अल्बमवर हात फिरवून म्हणाली होती, सगळे मेणाचे दिसतायत. गणित शिकवणाऱ्याला यातलं काय कळणार? पण आज तिचा आवाज बारीक झाला होता आणि एक वाक्य संपवून ती दम घेत होती. यंत्राचं तिला आम्ही सांगितलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

पट्टी काढताना कातडी सोलली. कानापासून हनुवटीपर्यंत लाल. मी वैतागलो, कारण आता त्या लालीमुळे आणखीच जुळणार नाही. दोन-तीन दिवस वाया. तसं बोललोही. मला तरी कुठे हौस आहे? तिकीट हातात आहे, ऑपरेशन तोंडावर आलंय, आणि एका गालापायी सगळं अडलंय.

ती तोंड ओंजळीत धरून बसली. हिच्या डाव्या डोळ्यातून एरवीही पाणी येतच असतं, त्यामुळे रडतेय की नाही हे उजव्यावरून ओळखावं लागतं. आज उजव्यातूनही येत होतं. मी म्हटलं, बास, आजच्यापुरतं राहू दे. मलम आणून दिलं. मला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून विमान मिळत नाही.

२२ फेब्रुवारी

सकाळी ही घरात नव्हती. मी स्टुडिओ उघडून बसलो, जेवणवेळ झाली तरी पत्ता नाही. आली ती दुपारी, बसने, एकटी. पासपोर्ट कार्यालयात गेली होती! नवीन पासपोर्टाचा अर्ज करून आली. मला एका शब्दाने विचारलं नाही.

"फोटो कुठून काढलास?"

"आता तिथेही काढतात. खिडकीत कॅमेरा आहे."

"कसा काढला?"

"समोर बघा म्हणाला. बघितलं."

"बाकी काही नाही सांगितलं? हनुवटी, खांदे?"

"पुढची बाई या म्हणाला."

पोचपावतीवर तो फोटो छापलेला आहे. मी बघितला. वरून मारलेला उजेड, डोळ्यांखाली सावल्या, गालावर कालची लाली, आणि दोन्ही बाजू आपापल्या वाटेने चाललेल्या. मला बघवेना. म्हटलं, ह्यापेक्षा मला बोलवायचं होतंस. तिने पावती माझ्या हातातून घेतली आणि आरशाशेजारी लावलेला माझा मोठा फोटो काढून त्या जागी ती खोचली. माझ्या फोटोची चार घड्यांची घडी घालून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली.

मग चहा करून आणला, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "पासपोर्ट वेळेत येणार नाही. तुम्ही जा."

"मी? ती मला बघून आणखी आजारी पडेल."

"तुमचा चेहरा जुळलाय ना? मग तुम्ही जा. कुणीतरी दाराशी असायला हवं तिच्या."

मी नाही नाही म्हणत होतो, पण ती माझीच बॅग भरायला लागली. स्वतःचे कपडे एकेक करून बाहेर काढले आणि माझे आत ठेवले. ह्या यंत्रांचं कधी भलं होणार नाही.

१ मार्च

पोचलो. तिकडच्या विमानतळावर माणूस असा दिसतच नाही. काचेची फाटकं, समोर पडदा. चार बोटं टेकवली, वर बघितलं, फाटक उघडलं. बाजूला एक साहेब बसला होता, त्याने मानही वर केली नाही. इतक्या पटकन मला आजवर कुणी ओळखलं नव्हतं, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यानेही नाही. उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं.

विमानात शेजारची जागा हिची होती, ती रिकामी होती. मी तिच्यावर कोट ठेवून आलो. धाकटीच्या शेजारणीने मला घरी नेलं. ही बाई तिच्याच शाळेत शिकवते, किल्ली तिच्याकडेच असते. दोन खोल्या, सगळीकडे वह्या. भिंतीवर दोघी बहिणींचा लहानपणचा एक फोटो आहे, कुणी काढला कोण जाणे, डोकी कापली गेली आहेत.

२ मार्च

दवाखान्यात गेलो. धाकटी उशांना टेकून बसली होती, नाकात नळी. मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"ताई?"

"पासपोर्टात जरा तांत्रिक अडचण झाली."

"कसली?"

"चेहऱ्याची. म्हणजे यंत्राची." मी पुढे बोललो नाही. आजारी माणसाला किती सांगायचं?

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "तिचा फोटो दाखवा. अलीकडचा." मी फोन काढून दाखवायला लागलो. माझ्याकडे हिचे पुष्कळ फोटो आहेत आणि सगळे चांगले आहेत. धाकटी एकेक सरकवत गेली.

"भाऊजी, हे सगळे एकाच दिवशी काढलेत?"

"छे, तीन वर्षांचे आहेत."

"ताईचं हसू आधी डावीकडून सुरू व्हायचं. लहानपणापासून. मी तिला त्यावरून चिडवायचे. ह्यात दोन्हीकडून सारखंच आहे. हिला तुम्ही दुकानाच्या काचेत लावा, मला माझी ताई दाखवा."

मी सगळा फोन धुंडाळला. हात न लावलेला एकही फोटो निघाला नाही. मी सांगितलं, घरच्या कॉम्प्युटरवर असेल. तिथेही नाही, पण तिला कुठे कळणार होतं? इतक्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाला परत पाठवायची वेळ आली नव्हती.

३ मार्च

उद्या नाही, परवा ऑपरेशन. धाकटीने हट्ट धरला की व्हिडिओ फोन लावा. मी आधी हिला निरोप पाठवला, नेहमीच्या खुर्चीत बस, पडदा अर्धा ओढ. तिने ‘बरं’ लिहिलं.

फोन लागला तर ही स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली, थेट समोर बघत बसलेली! मी पलंगामागून हाताने खुणा केल्या, वळ, वळ. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

धाकटीने फोन डोळ्यांजवळ नेला.

"कधी झालं गं हे?"

"तीन वर्षं झाली."

"थोडंसं होतं म्हणालीस."

"थोडंसंच आहे. अर्धंच."

"आणि मला इतके दिवस खिडकी दाखवत होतीस?"

"बसवलं तशी बसत होते," ही म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्या नाकात ती नळी कसली? कालपरवा बोललीस तेव्हा कुठे होती?"

"काढून ठेवायचे. तुझा फोन आला की."

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. धाकटीला दम लागेपर्यंत हसल्या, डोळ्यांतून पाणी काढलं, नर्स धावत आली. नर्सने मला बाहेर काढलं, त्या दोघींना नाही. माझाच फोन आणि मीच व्हरांड्यात. आतून तासभर आवाज येत होता. काय बोलल्या ते दोघींपैकी कुणीही मला सांगितलं नाही.

नंतर धाकटीने मला बोलावलं. "माझा एक काढा आणि ताईला पाठवा. आहे तसा." मी म्हटलं, केस तरी विंचरतो. म्हणाली, असू द्या. ती फोनकडे बघून हसली आणि मी काढला. बघितला तर ओठ फुटलेले, डोळ्यांखाली काळं, गाल आत गेलेले, नळीचा व्रण. हा असा हिला पाठवायचा? एकटी आहे घरात, धसका घेईल. ऑपरेशन होऊ दे, तोंडावर जरा तेज येऊ दे, मग चांगला काढून पाठवू. धाकटीने विचारलं, पाठवला का? मी हो म्हटलं.

५ मार्च

झडप नीट बसली. पण हृदयाचं काम करणारं बाहेरचं यंत्र काढल्यावर हृदयाने पुन्हा ठोका धरला नाही. डॉक्टर हे दोनदा म्हणाले, मला पहिल्यांदा कळलं नाही म्हणून.

हिला फोन केला. पलीकडे नळ चालू होता, तो बंद केल्याचा आवाज आला.

"एकटी होती?"

"मी होतो ना. दाराबाहेर."

"म्हणजे एकटीच," ती म्हणाली.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडलो. मेव्हणीशी माझं पटत नव्हतं, तरी रडलो. हिने यायला हवं होतं. ही आली असती तर निदान दोन दिवस दोघींना हात हातात घेता आला असता. एका फोनच्या हट्टापायी तेही गेलं.

७ मार्च

उद्या शाळेच्या हॉलमध्ये धाकटीचा निरोप आहे. पासपोर्ट न आल्यामुळे हिला तोही फोनवरच बघावा लागेल. शेजारीण आली, म्हणाली समोर ठेवायला एक फोटो हवा. तिच्या शाळेतल्या फोटोंमध्ये धाकटी नेहमी मागच्या रांगेत, नाहीतर फळ्याकडे तोंड करून. मी दवाखान्यात काढलेला तो एकच फोटो होता.

शेजारणीच्या कॉम्प्युटरवर बसलो. आधी नळी काढली. मग व्रण, मग डोळ्यांखालचं काळं. गाल भरले, ओठ मऊ केले, केस कपाळावरून मागे घेतले. आजाराची खूणही राहिली नाही. हसू जरा वाकडं होतं, तेही सारखं केलं. फोटो मोठा छापून चौकटीत बसवला. शेजारीण म्हणाली, किती शांत दिसतायत. शाळेतली माणसं येऊन बघून गेली, त्यांनाही आवडला. मला बरं वाटलं. त्या बाईसाठी मला एवढंच करता येत होतं आणि ते मी मन लावून केलं.

मग हिला पाठवला. तिला तेवढाच आधार होईल.

तिचं उत्तर आलं, "ही कोण?"

बिचारी. दुःखात आपलं माणूसही ओळखू येत नाही. मी लिहिलं, "अगं, आपली धाकटी. ऑपरेशनआधी तिने तुझ्यासाठी काढून घेतला."

बऱ्याच वेळाने दुसरं आलं. "मग तो पाठवा. तिने काढून घेतला तो."

तो नाही आता. त्याच्यावरच काम केलं होतं. फोनमधला होता तो कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मीच पुसला, पुसलेल्यांतूनही पुसला. ती तिकडे वाट बघत बसली आहे, हे फोनवर दिसतंय. काहीतरी कळवायला हवं. कळवतो, फोन बिघडला.